आत्याच्या ज्वारीच्या खुणा

फोन उचलला की आत्या आधी खोकते आणि मग एकच विचारते, "सापडलं का गं?" कशी आहेस, जेवलीस का, हे सगळं नंतर. पीएच.डी.ला लागल्यापासून मी या प्रश्नाला "चाललंय आत्या" असं उत्तर देत आले. मागच्या महिन्यात तिचा फोन वाजत होता आणि मी तो वाजू दिला. सख्ख्या आत्याचा फोन टाळण्याइतकी मी वैतागले होते. वैताग अजून उतरलेला नाही. ज्यांच्यामुळे तो आला ती सगळी माणसं आपापल्या जागी निवांत आहेत, आणि त्यातलं एकही वाईट नाही, हे तर आणखी सहन होत नाही.

जे सापडायचं होतं ते आत्याच्याच ज्वारीत होतं. चारठाण्याच्या पुढे तिचं रान आहे, मुरमाड आणि उताराचं. जुनी देवळं बघायला येणारे लोक कधीकधी तिच्या बांधाला गाडी लावतात आणि तिलाच विचारतात, इथं बघण्यासारखं काय आहे. ते रान तिच्या सासऱ्यानं गायरान मोडून वहितीला आणलेलं. आमच्या लोकांच्या अशा रानांची एक ठरलेली रीत होती. पेरणीचे दिवस आले की आधी दुसऱ्याच्या रानात राबायचं, त्यांचं उरकलं की त्यांचीच तिफण मागून आणायची आणि मग आपलं रान पेरायचं. म्हणजे आपली पेरणी कायम उशिरा.

पेरणीची वेळ चुकली की ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते. ही माशी कोवळ्या रोपाच्या पानाखाली अंडी घालते, अळी आत शिरते आणि मधला पोंगा वाळून जातो. हातानं ओढला तर अलगद निघून येतो, नाकाजवळ नेला तर सडका वास येतो. आत्याच्या सासरची ज्वारी मात्र वर्षानुवर्षं अशीच उशिरा पेरली जाऊन टिकली. मरायची ती रोपं मेली, उरली त्यांचंच बी पुढच्या साली पेरलं गेलं. हे कुणी मुद्दाम केलं नाही. गरजेनं झालं. शेजारच्या रानात पोंगे वाळलेले असायचे आणि आत्याचं रान हिरवंगार. लहानपणी आम्ही ताडकळसहून तिच्याकडे सुट्टीला जायचो, तेव्हा मी ती रोपं पाहिली आहेत. सकाळच्या उन्हात त्यांची पानं तेल चोपडल्यासारखी चमकायची.

पुढे मी शेतकी शिकले. परभणीलाच पीएच.डी.ला जागा मिळाली आणि विषय विचारल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. आत्याच्या ज्वारीतला माशीला न जुमानणारा गुण कुठल्या गुणसूत्रावर, नेमका कुठे आहे ते मला शोधायचं होतं. ते एकदा कळलं की तो गुण भरघोस कणसाच्या वाणात आणता येतो, आणि आला की नाही हे रोप वीतभर असतानाच पान तपासून सांगता येतं. माशीची वाट बघायला नको. आत्याच्या पोरांनी तेव्हा रानात सोयाबीन धरलं होतं. ज्वारीचं बी एका मडक्यात तळाला उरलेलं. तिनं ते मडकं माझ्या ओढणीत उपडं केलं.

"घे माय," ती म्हणाली. "आमच्या जवारीत काय हाय ते कळू दे लोकायला."

शोधायची तऱ्हा अशी. गुण डोळ्यांना दिसतो, जनुक दिसत नाही. म्हणून डीएनएवरची एखादी ओळखता येणारी खूण पकडायची. आत्याची ज्वारी आणि माशीला लगेच बळी पडणारा एक भरघोस वाण यांचा संकर करायचा, त्यांच्या लेकरांचे, नातवंडांचे, पतवंडांचे वंश वाढवायचे आणि बघत राहायचं. माशीला पुरून उरणाऱ्या वंशांमध्ये एखादी खूण कायम असेल आणि मरणाऱ्यांमध्ये नसेल, तर जनुक त्या खुणेच्या शेजारपाजारी. वंश शुद्ध राहावा म्हणून फुलोऱ्याच्या आधी प्रत्येक कणसावर कागदी पिशवी चढवायची आणि पिशवीवर वंशाचा नंबर घालायचा. आमच्या कामात माणूस बोलत नाही, पिशवी बोलते.

आता या खुणांचेही प्रकार आहेत, आणि माझी उमेदीची वर्षं त्या प्रकारांच्या भांडणात गेली.

आमच्या मार्गदर्शक सरांची लाडकी खूण जुनी, आरएपीडी नावाची. त्यात डीएनएवर सापडेल तिथे चिकटणारा एक छोटा तुकडा वापरायचा आणि जेलीसारख्या पातळ थरावर, म्हणजे जेलवर, पट्ट्या उमटतात का ते बघायचं. पट्टी आहे किंवा नाही, एवढंच कळतं. ती आईबाप दोघांकडून आली की एकाकडूनच, ते कळत नाही. आणि उमटायचं की नाही हे सर्वस्वी तिच्या लहरीवर. सकाळी भरपूर पट्ट्या, त्याच नमुन्याच्या दुपारी निम्म्या. मध्येच लाईट गेली आणि मशीन थांबलं की भलत्याच. बाहेरच्या जगानं ही पद्धत केव्हाच अडगळीत टाकली, पण सरांचा स्वतःचा प्रबंध तिच्यावर झालेला.

"हात बसला की येतं," सर म्हणायचे.

हात बसून बसून मनगट दुखायला लागलं. एखादी नवखी पट्टी दिसली, आत्याच्या ज्वारीतही नसलेली आणि दुसऱ्या वाणातही नसलेली, तर सर म्हणायचे, "सोडून दे. आरएपीडीत असं होतंच." मीही सोडून द्यायला शिकले. जो प्रकार वाटेल ते दाखवतो, त्यात खरं काही दिसलं तरी माणूस सोडूनच देतो.

मी हट्टच धरला तेव्हा सरांनी मला नव्या पद्धती शिकायला हैदराबादला पाठवलं. ऐन हुरड्याच्या दिवसांत गेले ती कापणी उरकल्यावर आले. निघण्याआधी रान डोळे भरून बघितलं होतं. त्या वर्षी मी आत्याच्या मूळ ज्वारीचं उरलंसुरलं सगळं बी एका वेगळ्या ओळीत पेरलं होतं, कारण बीजपेढीत जमा करायला ओंजळभर पुरत नाही, जास्त लागतं. ओळ माणसाच्या डोक्यावर गेलेली, प्रत्येक कणसावर पिशवी. विद्यापीठाच्या शेतावर राखणीला असलेल्या मामांना दहादा बजावलं, पाखरं बघा, पिशव्या बघा. मामा म्हणाले, "जावा बिनघोर."

परत आले तर नंबर घातलेल्या सगळ्या पिशव्या भरलेल्या होत्या. एकही रिकामी नाही. दाणे तर असे टपोरे की मला वाटलं, चला, एक वर्ष तरी देवानं बरं दिलं. आमच्या घरात देवाचं नाव घेत नाहीत, पण तोंडात येतं.

त्या बियाची रोपं करून पानं घेतली आणि कामाला लागले. तेवढ्यात सल्लागार समितीची बैठक झाली. एका सभासदांनी जांभई दाबत विचारलं, "तिन्ही प्रकारच्या खुणा वापरून तुलना का करत नाही तुम्ही?" मला तुलना करायची नव्हती, मला जनुक शोधायचं होतं. पण सरांनी मान डोलावली, म्हणजे ठरलं. आरएपीडी झालंच पाहिजे, एसएसआर झालं पाहिजे, स्निपही झालं पाहिजे. पुरणपोळी कुठली चांगली ते ठरवायला तीन चुली पेटवायच्या आणि जेवायला कुणी बसायचंच नाही, तसलं ते काम.

स्निप म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक. हजारो ठिकाणची अक्षरं मशीन एका दमात वाचतं. मी पानं बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवली, तिथून आकड्यांचा डोंगर आला आणि त्यातून गुणसूत्रांचा नकाशा जोडायला बसले तर नकाशा जुळेना. गुणसूत्रं ताणल्यासारखी लांबच लांब. शेजारी असायला हव्यात त्या खुणा लांब पडल्या. मी आधी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, मग त्या प्रयोगशाळेला. तरी आलेखात एका जागी हलकासा उंचवटा दिसत होता, माशीचा गुण इथे असावा असं सांगणारा. तो उंचवटा बघून मी आत्याला फोन केला होता. "सापडल्यासारखं वाटतंय," म्हणाले होते. ती तिकडे कुणाला तरी ओरडून सांगत होती, "सापडलं म्हनतीय पोरगी!"

मग राहिलं एसएसआर. हा प्रकार मला पहिल्यापासून आवडायचा, सरळ माणसासारखा. डीएनएत काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुणात जास्त वेळा, कुणात कमी. जास्त वेळा आली तर तुकडा लांब आणि पट्टी जेलवर वर राहते, कमी असतील तर खाली उतरते. आईची वर, बापाची खाली, आणि दोघांचं मिळालं असेल त्या लेकरात दोन्ही. लपवाछपवी नाही.

जेलच्या पहिल्या घरात मी आत्याच्या ज्वारीचा जुना डीएनए घातला, पहिल्या वर्षीच्या पानातून काढून फ्रीजरमध्ये ठेवलेला. दुसऱ्या घरात भरघोस वाण. पुढे ओळीनं वंश. फोटो आला. आत्याची पट्टी वर, वाणाची खाली, आणि बऱ्याच वंशांत या दोघींच्या मधोमध तिसरीच पट्टी. ना आईची, ना बापाची. मी दुसरी खूण लावली, तिसरी लावली. प्रत्येकीत तेच वंश, तीच परकी पट्टी. हैदराबादहून आल्यावरच्या आरएपीडीत मी सोडून दिलेल्या नवख्या पट्ट्या काढून बघितल्या तर त्याही नेमक्या त्याच वंशांतल्या. स्निपमध्ये हा परका दिसलाच नव्हता, कारण तिथे प्रत्येक जागी बहुधा दोनच अक्षरं असतात, आणि परक्याकडेही त्यातलंच एक निघतं. त्यानं फक्त नकाशा ताणून ठेवला होता. आणि मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

शेवटी मी नव्या पिशवीतलं बी तपासलं, आत्याच्या मूळ ज्वारीचा नंबर असलेल्या पिशव्यांमधलं. सगळ्यांत मधली पट्टी. कडेनं संरक्षणाला म्हणून जो वाण पेरतात त्याच्या शेजारी लावून बघितलं तर तंतोतंत तीच.

सर म्हणाले, "नमुने भरताना पिपेट चुकलं असेल तुझं." मी शेतावर गेले.

मामा बांधावर तंबाखू मळत होते. मी पिशव्यांचं विचारलं तसे ते जरा सावरून बसले. "बाई, नंबर बघूनच कापल्या. थोड्या पिशव्या कडंच्या ओळीवर हुत्या, त्याबी नंबरावर लावल्या."

"कडेच्या ओळीवर? तिथे कुणी चढवल्या?"

"ते तुमच्या अण्णाला इचारा. तुमी हैदराबादला असताना ते अन् तुमच्या आत्या आल्ते न्हवं का. सरांनी फोन केल्ता, मॅडमच्या घरचे यायलेत, हुरडा चारा म्हनून."

मी तिथूनच ताडकळसची बस पकडली. रस्ताभर काय काय बोलायचं ते ठरवत होते. घरी पोचले तर आत्या तिथेच आलेली, डोळ्यात औषध घालून भिंतीला टेकून बसली होती. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, माझा चेहरा बघून पाणी पुढे केलं. मी हुरड्याचं काढताच दोघं असे खुलले की ठरवलेलं बोलायचं राहूनच गेलं.

"माझे डोळे दाखवाया परभनीला आल्तो, अण्णानं तुझ्या सरायला फोन केला, अन् लय मान केला गं तुझ्या लोकांनी," आत्या म्हणाली. "त्या मामानं एक पिशवी काढून दाखवली. अन् म्या कणीस बघताच वळखलं. माझीच जवारी! किती वरसानं दिसली. पाखराची चोच न्हाई लागलेली, दाना कसा टच्च. म्या म्हनलं, ह्योच हुरडा खायचा."

"आणि बाकीची कणसं?"

"ती तुझ्या दुसऱ्या ओळींतली. मामानं आगटी पेटवली, मंग आजूबाजूचे चार जन आले. अण्णाला बी लय गोड लागला."

"सरांनी फोनवरून पुन्हा विचारलं," अण्णा मध्येच म्हणाले. "पोटभर खाल्ला का म्हणून. मोठा माणूस."

मी विचारलं, "आणि पिशव्या, आत्या? पिशव्या कुणी हलवल्या?"

"म्याच की," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता. "पिशव्या मोकळ्या ठिवायच्या व्हय? तुझा नंबर लिव्हलेला त्याच्यावर. कडंच्या ओळीतली मोठी मोठी कणसं बघितली अन् एकेक पिशवी चढवली. एक कमी पडू दिली न्हाई. तुझी कणसं बारकी हुती, म्या टपोरी दिली."

मला ओरडायचं होतं. मनापासून ओरडायचं होतं. पण आमच्या घरात दुसऱ्याच्या रानातून काही घेतलं तर जागा रिकामी सोडत नाहीत. दुसऱ्याच्या रानात पिढ्या घालवलेल्या माणसांना ती सवयच लागते, कारण काही कमी भरलं की बोट आधी त्यांच्याकडेच जायचं. ती सवय तिनं माझ्या शेतातही पाळली, आणि वरून मला चांगलं दिलं. तिच्यावर कसं ओरडणार? मामांवर ओरडावं तर त्यांनी पाहुण्यांचा मान ठेवला. सरांवर ओरडावं तर त्यांनी माझ्या घरच्यांचा मान ठेवला. सगळ्यांनी मान ठेवला आणि माझी सगळी वर्षं त्या आगटीत गेली. मी काही न सांगता जेवले आणि परत आले.

खोटे वंश काढून टाकले. उरलेल्यांचा नकाशा एकदम शहाण्यासारखा जुळला, लांबी बरोबर, क्रम बरोबर. पण वंशच इतके थोडे उरले की तो हलकासा उंचवटा सपाट झाला. जनुक कुठे आहे ते सांगता येत नाही, एवढंच आता खात्रीनं सांगता येतं.

सर मात्र खूश. खरंच खूश. "अगं, याहून चांगली तुलना कुणाची झालीय?" ते म्हणाले. "भेसळ झाली, आरएपीडीत दिसून ओळखू आली नाही, स्निपमध्ये उशिरा जाणवली, एसएसआरनं हातोहात पकडली. प्रबंध तयार आहे तुझा."

"सर, पण मला माशीचा गुण शोधायचा होता. पुन्हा संकर करू."

"कशातून?" सर म्हणाले. वाईट हेतूनं नाही, नुसतंच विचारलं.

आत्याची मूळ ज्वारी आता कुठेच नाही. शुद्ध राहिलेल्या थोड्या वंशांमध्ये तिचे तुकडे विखुरलेले आहेत, कुणात हे, कुणात ते. अख्खी नाही. प्रबंधाच्या नावातून माशी गेली आणि तुलनात्मक हा शब्द आला. सही मी इतकी दाबून केली की कागद फाटला, रागानं. सरांना वाटलं आनंदानं.

त्यानंतरच मी आत्याचा तो फोन वाजू दिला होता. फोन उचलला नाही म्हणून आत्या गप्प बसेल असं मला का वाटलं कोण जाणे. परवा ती जिंतूरला बस बदलून थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हातात धुतलेली कापडी पिशवी.

"पोरं सोयाबीनला कटाळलेत," ती स्टुलावर बसता बसता म्हणाली. "जनावराला कडबा न्हाई. मला एक पट्टा दिलाय पेरायला. उशिराच होईल पेरनी, त्याला आपलीच जवारी पाहिजे. माझं बी दे माय. मूठभर दे, जास्ती नको."

मी तिच्यासाठी चहा मागवला. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून, पट्ट्यांचा फोटो दाखवून. ही तुझी वरची, ही वाणाची खालची, आणि ही मधली, पिशव्यांतली. ती फोटो डोळ्याजवळ धरून बराच वेळ बघत राहिली.

"म्हंजी म्याच खाल्ली," ती म्हणाली.

तिनं फोटो टेबलावर ठेवला, पदरानं पुसला, उगाचच. मग वरच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, "ही तर माझी हाय म्हनलीस की. ही कुठली मंग?"

मी फ्रीजर उघडला. वाफ बाहेर आली. करंगळीच्या पेराएवढी नळी काढून तिच्या तळहातावर ठेवली, तळाला पाण्याचा थेंब असतो तेवढंच. हा तुझ्या ज्वारीचा डीएनए, तिला सांगितलं. पहिल्या वर्षीच्या पानांतला.

तिचा चेहरा उजळला. "हाय की मंग! ह्याच्यातून काढ की बी."

"ह्याच्यातून बी निघत नाही, आत्या. हे पेरता येत नाही."

थंडगार नळी तिनं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. कापडी पिशवी तशीच मांडीवर घडी घालून होती.

"मंग हे कशाला ठिवलंय?"

"तुलना करायला," मी म्हणाले.

"कशासंगं?" आत्यानं विचारलं.